हेराचं शहर आणि बाईचं गाव



रहस्यकथा वाचणं हा बाईनं उघडपणे सांगायचा छंद नव्हे, असं आपल्याकडे बरीच वर्षं चालत आलं. पोथी वाचणारीचं कौतुक होतं, पाककृतींचं पुस्तक उघडून बसणारी गुणी ठरते. खुनाचं पुस्तक हातात दिसलं की मात्र ‘हे काय वाचत बसलीस?’ हा प्रश्न ठरलेला. तरीही बायकांनी ती पुस्तकं वाचली. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांची धनंजय-छोटूची जोडी घराघरांत पोचली ती काही एकट्या पुरुष वाचकांच्या जोरावर नाही. दुपारची भांडी झाल्यावर, उशीखाली दडवून, शेजारणीकडून एका दिवसाच्या बोलीनं आणून बायकांनी ती संपवली.

आमच्या यवतमाळच्या वाचन गटानं गेलं वर्षभर ठरवून रहस्यकथा वाचल्या. ‘चळवळीच्या बायका आणि हे वाचन?’ अशी थट्टा झाली. पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या कथांमध्ये खून, पुरावा, संशयित हे सगळं असतं, पण सगळ्यात ठळक असतं ते गाव. गल्ल्या, स्टेशनं, खानावळी, धक्के, बंद वाडे. जगभर लोक आता आवडत्या कथांतली ठिकाणं शोधत शहरं पाहतात. तसं आपलं यवतमाळ पाहता येईल का, आणि पाहणारी बाई असली तर काय होईल, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते आपल्या कामाचं आहे. म्हणून यावेळचं संपादकीय या विषयावर.

सुरुवात लंडनपासून करू. शेरलॉक होम्सचा पत्ता २२१ बी, बेकर स्ट्रीट. १८८७ साली पहिली कथा प्रसिद्ध झाली तेव्हा त्या रस्त्यावर हा क्रमांकच नव्हता. पुढे रस्ता वाढला, क्रमांक बदलले आणि १९३२ साली एका गृहकर्ज संस्थेची इमारत त्या क्रमांकाच्या जागी उभी राहिली. लगेच जगभरातून होम्सच्या नावानं पत्रं येऊ लागली. कुणाचं काही हरवलेलं, कुणाला मदत हवी असलेली. शेवटी त्या पत्रांना उत्तरं द्यायला संस्थेला एक सचिव नेमावा लागला! १९९० साली त्याच रस्त्यावर होम्सचं संग्रहालय झालं. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्या पत्राला उत्तर येतं. आणि आपल्या किती मैत्रिणींचे अर्ज ठाण्यात, तहसिलीत, महिला कक्षात पडून आहेत, याचा हिशेब प्रत्येक संघटनेनं आपापल्या फायली काढून करावा.

आपल्या देशातही हे वेड आहे. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी १९३२ पासून कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर राहिला. तो रस्ता आज महात्मा गांधी रोड आहे. ब्योमकेशला ‘गुप्तहेर’ हा शब्द आवडत नसे, तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवून घेई, म्हणजे सत्य शोधणारा. सत्यजित राय यांच्या फेलूदामुळे तर जैसलमेरच्या किल्ल्याला बंगाली प्रवासी आजही ‘सोनार केल्ला’ म्हणतात. हाच फेलूदा मूर्तिचोरांचा माग काढत १९७० च्या दशकात आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंतही आला होता. पुस्तक हातात घेऊन शहर पाहिलं की ते नुसतं देखावा राहत नाही. या दारातून कोण आत गेलं, या खिडकीतून काय दिसत असेल, इथे रात्री उजेड असतो का, असे प्रश्न आपोआप सुचू लागतात. बघणाऱ्याची नजर चौकस होते. ही नजर मला महत्त्वाची वाटते.

आता मुद्द्याकडे येऊ. गुप्तहेराला सगळ्यात आधी काय लागतं? हुशारी, निरीक्षण हे नंतर. आधी लागतं ते कुठेही, केव्हाही, कारण न सांगता उभं राहता येणं. कोपऱ्यावर बिडी ओढत दोन तास थांबणं, रात्री बारा वाजता गोदीवर जाणं, अनोळखी माणसाच्या मागे चालणं, चहाच्या टपरीवर बसून कानावर पडेल ते ऐकणं. होम्स, ब्योमकेश, झुंजार यांना हे कुणी विचारत नाही. पुरुषाला मिळालेली ही मोकळीक कथेत इतकी गृहीत धरलेली असते की आपल्या लक्षातही येत नाही. हाच हेर बाई असता तर पहिल्याच चौकात गोष्ट अडली असती.

लेखकांना हे कळत नव्हतं असं नाही. १८९१ सालच्या एका कथेत आयरीन ॲडलर नावाची बाई होम्सवर मात करते. ती पुरुषाचे कपडे घालून त्याच्या मागोमाग थेट बेकर स्ट्रीटपर्यंत जाते, त्याला शुभरात्र म्हणते, आणि त्याला पत्ता लागत नाही. तिची हुशारी सगळ्यांना आठवते. पण तिला रस्ता मोकळा मिळाला तो पुरुषी कपड्यांमुळे, हे कुणी बोलत नाही. ॲगाथा ख्रिस्तीनं वेगळी वाट काढली. तिची मिस मार्पल म्हातारी आहे, अविवाहित आहे, खेड्यात राहते आणि विणकाम करते. अशा बाईकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणूनच तिला सगळं दिसतं. गावातल्या बायका ज्याला ‘चौकश्या’ म्हणून हिणवल्या जातात तेच तिचं ज्ञान. आपल्या गावांत अशा कितीतरी मिस मार्पल आहेत. कुणाच्या घरातून रात्री आवाज येतो, कुणाची सून माहेरी जाऊ दिली जात नाही, कोणत्या मुलीची शाळा अचानक सुटली, हे त्यांना पहिल्यांदा कळतं. फक्त त्यांची साक्ष कुणी लिहून घेत नाही.

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी बायका आणि सार्वजनिक जागा यांचा अभ्यास करून २०११ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाई रस्त्यावर दिसली तर तिला काहीतरी काम असलं पाहिजे अशी समाजाची अपेक्षा असते. पिशवी, मूल, फाईल, कानाला फोन, असं काहीतरी हातात हवं. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. म्हणून सुरक्षितता मागण्यापाशी थांबू नका, रेंगाळण्याचा हक्कही मागा. रहस्यकथा वाचताना या म्हणण्याचा अर्थ मला नव्यानं उमगला. ज्याला रेंगाळता येत नाही त्याला शोध घेता येत नाही. आणि ज्याला शोध घेता येत नाही, त्यानं दुसऱ्यानं सांगितलेलंच सत्य मानायचं.

या ठिकाणं पाहण्याच्या हौसेला एक काळी बाजूही आहे, ती नजरेआड करून चालणार नाही. लंडनच्या पूर्व भागात १८८८ साली पाच गरीब बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही. पण त्याला टोपणनाव मिळालं, त्याच्यावर पुस्तकं आली, सिनेमे आले, आणि आजही संध्याकाळी प्रवाशांचे घोळके त्या गल्ल्यांमधून ‘इथे पहिलं प्रेत सापडलं’ असं ऐकत हिंडतात. २०१५ साली तर कहर झाला. स्त्रियांच्या इतिहासाचं संग्रहालय काढतो असं सांगून एका इमारतीसाठी परवानगी घेतली गेली, आणि दार उघडलं तेव्हा आत त्या खुन्याच्या नावाचं संग्रहालय होतं. तिथल्या बायकांनी निदर्शनं केली आणि ईस्ट एंडच्या स्त्रियांचं स्वतःचं संग्रहालय उभारण्याचं काम हाती घेतलं. पुढे २०१९ मध्ये हॅली रुबेनहोल्ड या इतिहासलेखिकेनं त्या पाच जणींची चरित्रं लिहिली. पॉली, ॲनी, एलिझाबेथ, केट आणि मेरी जेन कुठे जन्मल्या, काय काम करत, संसार कसे मोडले, रात्री रस्त्यावर झोपायची वेळ का आली, हे तिनं शोधलं. खुन्याला तिनं पुस्तकात जवळजवळ जागाच दिली नाही. आपल्यासाठी यात नियम आहे. घटनास्थळी जायचं ते तिथे मेलेल्या बाईसाठी, मारणाऱ्याची दंतकथा वाढवायला नाही.

आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. पुरुष लेखकांच्या कथांमध्ये धोका रस्त्यावर असतो, धुक्यात, अंधारात. बाईच्या आयुष्यात धोका बहुतेक वेळा घरात असतो. सुजाता मॅसी या लेखिकेनं २०१८ पासून जुन्या मुंबईवर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांची नायिका परवीन मिस्त्री वकील आहे, काळ १९२१ चा. फोर्टमधलं वडिलांचं कार्यालय, इराण्याची बेकरी, मलबार हिलवरचे बंगले ही तिची ठिकाणं. पहिल्या कादंबरीत एका श्रीमंत माणसाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. त्यांच्या वाट्याची मालमत्ता कुणीतरी लिहून घेऊ पाहतो आहे. पुरुष वकील, पुरुष पोलीस जाळीच्या अलीकडेच थांबतात. जाळीपलीकडे जाऊ शकते ती फक्त परवीन. म्हणजे इथे बाई असणं हा अडथळा उरत नाही. तीच तपासाची किल्ली होते.

परवीन काल्पनिक असली तरी तिच्यामागे खरी बाई आहे. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली आपल्या नाशिकला जन्मल्या. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली, पण बाई म्हणून वकिलीची सनद मिळेना. १९०४ पासून त्यांनी सरकारी सल्लागार म्हणून पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणं हाताळली. बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला तो १९२३ साली. सोराबजींचं राजकारण आपल्याला पटणारं नाही, त्या इंग्रजी राजवटीच्या बाजूच्या होत्या. पण बंद दाराआड जाऊन बाईचं म्हणणं ऐकणारं माणूस लागतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं.

रहस्यकथेत ‘बंद खोलीतला खून’ हा एक लाडका प्रकार आहे. दार आतून बंद, खोलीत प्रेत, मग खुनी गेला कसा? वाचकाला कोडं सोडवण्यात गंमत वाटते. आपल्या चळवळीला ही बंद खोली चांगली ठाऊक आहे. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा ही तरुण विवाहिता विषानं मरण पावली. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून आली. खालच्या न्यायालयानं दिलेली फाशी उच्च न्यायालयानं कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला निर्दोष सोडलं. त्याच निकालात परिस्थितीजन्य पुरावा कसा तोलायचा याची पाच सूत्रं सांगितली गेली, आणि ती आजही देशभरातल्या न्यायालयांत वापरली जातात. पुराव्यांची साखळी तुटता कामा नये, हा त्यांचा गाभा. आपण त्या निकालावर चिडलो, मोर्चे निघाले. त्या खटल्यापासून घ्यायचा धडा मात्र व्यवहाराचा आहे. साखळीच्या कड्या पहिल्या चोवीस तासांत जमतात किंवा हरवतात. त्या वेळी घटनास्थळी कोण असतं? सासरची माणसं, पोलीस आणि पंच. बाईच्या बाजूचं कोण?

आता यवतमाळ. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सात जणींनी आपलं गाव हेराच्या नजरेनं पाहायचं ठरवलं. रहस्यकथेला जी ठिकाणं लागतात तीच निवडली. स्टेशन, बसस्थानक, चौक, दवाखाना, कचेरी. वही-पेन्सिल घेतली आणि निघालो.

स्टेशन म्हणजे शकुंतलेचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी ब्रिटिश कंपनीच्या मालकीच्या मार्गावर कापसासाठी सुरू झाली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. होम्स गाड्यांच्या वेळापत्रकावरून गुन्हेगार पकडतो. इथे वेळापत्रकच उरलेलं नाही, गाडी बंद होऊन कित्येक वर्षं झाली. आमच्यातल्या एका मावशींनी सांगितलं, दारव्ह्याच्या बायका भाजी घेऊन, माहेराला, दवाखान्याला याच गाडीनं येत. तिकीट परवडायचं आणि डब्यात बायका बायकांच्या सोबतीला असायच्या. स्वस्त गाडी बंद होते तेव्हा कुणाचं फिरणं बंद होतं, हे कोणत्याही अहवालात लिहिलेलं नसतं. नव्या वर्धा-नांदेड मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो पुढे सरकेल तेव्हा थांबे, वेळा आणि तिकीट ठरवताना बायकांना कुणी विचारेल का, हे आपणच विचारायला हवं.

मग दत्त चौक. आमच्यातल्या दोघी एका बंद दुकानाच्या पायरीवर नुसत्या बसल्या. दहा मिनिटांत पहिला प्रश्न आला, ‘कोनाची वाट पाहून राह्यल्या बाई?’ पंधराव्या मिनिटाला एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, ‘घरी भांडन झालं का वं?’ अर्ध्या तासात पाच जणांनी चौकशी केली. त्याच पायऱ्यांच्या ओळीत चार पुरुष बसले होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारणाऱ्यांत वाईट हेतूचा बहुधा कुणीच नव्हता. पण बाई नुसती बसली म्हणजे काहीतरी बिघडलं असणार, हे सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. बसस्थानकावर आम्ही वेगळी नोंद केली. रात्री उशिरा उतरणाऱ्या बाईला स्वच्छतागृह कुठे, तिथे दिवा आहे का, रिक्षाचा थांबा किती पावलांवर, वाटेत अंधार किती. हे सगळं पाऊलं मोजून लिहिलं.

दवाखाना हे रहस्यकथेतलं मोठं ठिकाण. ख्रिस्तीला विषांची माहिती झाली ती पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधशाळेत काम केल्यामुळे. आपल्याकडे कीटकनाशकाला बायका-माणसं ‘औषध’ म्हणतात. ‘औषध घेतलं’ म्हणजे काय हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस जण दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात खाटा पुरेनात. तो खराखुरा विषप्रयोगाचा तपास होता. कोणतं औषध, कशात मिसळलं, कुणी विकलं, कोणत्या पंपानं फवारलं? चौकशी समित्या आल्या. पण फवाऱ्यासाठी पाणी भरून देणाऱ्या, विषानं भिजलेले कपडे हातांनी धुणाऱ्या बायकांच्या अंगात काय गेलं, हे त्या तपासात कुठे आलं? आणि नवरा गेल्यावर दाद मागण्यासाठी स्वित्झर्लंडपर्यंत तक्रार नेणाऱ्यांमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या विधवा होत्या, हे किती जणींना ठाऊक आहे?

शेवटचं ठिकाण तहसील कचेरी. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की इथे एक वेगळाच तपास सुरू होतो. सातबारा कुणाच्या नावे, कर्ज कोणत्या बँकेचं, सावकाराचं असेल तर त्याला परवाना होता का, वसुलीचा तगादा होता का. या सगळ्यावरून मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, आणि २००६ च्या निर्णयानुसार त्यातले सत्तर हजार ठेवीत. कालपर्यंत संसार करणारी बाई इथे एकाच वेळी फिर्यादी, साक्षीदार आणि जवळजवळ संशयित असते. दारू पीत होता का, घरात भांडण होतं का, हे तिलाच विचारतात. आणि ती स्वतः शेत कसत असेल, कर्जानं खचून तिनंच जीव दिला, तर? जमीन तिच्या नावे नसते. मग तिचं मरण शेतकऱ्याचं मरण म्हणून मोजलं जात नाही, गृहिणीचं म्हणून मोजलं जातं. रहस्यकथेत प्रेत गायब होतं, इथे कागदावर शेतकरीण गायब होते.

याच जिल्ह्यात तपास किती कसोशीनं करता येतो हेही आपण पाहिलं आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात माणसं मारली गेली तेव्हा टी-१ वाघिणीच्या मागावर शेकडो माणसं लावली गेली. कॅमेरे, हत्ती, श्वानपथक, ड्रोन, इतकंच काय अत्तरसुद्धा वापरलं गेलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. तिच्या बळींमध्ये शेतात गेलेली एक वृद्ध बाईही होती. वाघिणीला मारणं योग्य की अयोग्य हा वाद इथे काढत नाही. मुद्दा इतकाच, की ठरवलं तर सरकारला जंगलातली प्रत्येक पाऊलखूण वाचता येते. झरी-जामणी भागातल्या कोलाम मुलींना फसवून, मूल पदरात टाकून निघून गेलेल्या पुरुषांच्या पाऊलखुणा मात्र कुणाला सापडत नाहीत. ते ठेकेदार, ते नोकरदार कुठल्या रस्त्यानं आले आणि कुठल्या रस्त्यानं गेले हे गावाला माहीत असतं.

म्हणून मला वाटतं, शहर पाहण्याची ही हौस आपण आपल्या कामाला जुंपावी. विदर्भातल्या बायकांनी हे आधीही केलेलं आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं. १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या पत्राचं बळ कशात होतं? त्यांनी घटनास्थळ पुन्हा वाचलं. रात्र, पोलीस ठाणं, बंद दार, बाहेर थांबवलेले नातेवाईक. अशा जागी मुलगी गप्प राहिली म्हणजे तिची संमती होती, असं म्हणता येतं का? हा एकच प्रश्न त्यांनी विचारला.

आता आपल्या सोयीसाठी कायद्यात काय आहे तेही पाहू. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीनं गेली तर शवविच्छेदन झालंच पाहिजे, ही १९८३ सालची तरतूद. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये ती कायम आहे. साक्ष नोंदवण्यासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या जागी यायचं असतं. झडती आणि जप्तीचं चित्रण करणं आता बंधनकारक आहे. म्हणजे ‘मर्ग दाखल’ झाला म्हणून सगळं संपलं असं नाही. पंचनाम्यात काय लिहिलं, पंच कोण होते, चित्रण झालं का, व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेकडे कोणत्या तारखेला गेला, हे प्रत्येक वेळी विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. आपल्याला निकाल द्यायचा नाही, कुणाला आधीच गुन्हेगारही ठरवायचं नाही. कड्या हरवू द्यायच्या नाहीत, एवढंच.

प्रत्येक गटाला माझी विनंती आहे. आपल्या गावाचा एक नकाशा काढा. वणी असो, पुसद असो, उमरखेड असो की घाटंजीजवळचा एखादा पोड. त्यावर बाईला कारण न सांगता बसता येतं अशा जागा एका रंगानं दाखवा, बसता येत नाही त्या दुसऱ्या रंगानं. कुठे दिवा नाही, कुठे दारूचं दुकान वाट अडवतं, रात्री ठाण्यात बाई पोलीस असते का, हे लिहा. गावातली कोणती मिस मार्पल सगळं जाणते, तिला बैठकीला बोलवा. ज्या घरात एखादी बाई अकाली गेली, त्या जागेवर खूण करताना तिच्या मृत्यूबरोबर तिचं काम, तिचं शिक्षण, तिची आवड यांचीही नोंद ठेवा. ही नोंद गटाजवळच ठेवा. घरच्यांची परवानगी असल्याशिवाय कुणाचंही नाव बाहेर जाऊ देऊ नका, आमच्याकडे पाठवताना तर नाहीच.

आणि हे सगळं चालत करा, गटानं करा, शक्य तिथे संध्याकाळनंतर करा. १९७७ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात बायकांचे खून होत होते. पोलिसांनी बायकांनाच घरात बसायला सांगितलं, तेव्हा तिथल्या बायका रात्री मोर्चानं बाहेर पडल्या. १४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कलकत्त्यात, ब्योमकेशच्या त्याच शहरात, एका तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांना कुणीही ‘कोणाची वाट पाहताय?’ असं विचारलं नसेल. संख्या असली की प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याकडे येतो.

आपले नकाशे पुढच्या अंकाच्या आधी आमच्याकडे पोचू द्या. सुबक चित्र नको, वहीचं पान चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, दुसरीनं लिहावं. आलेले नकाशे शेजारी शेजारी मांडून जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि एस.टी.च्या विभाग नियंत्रकांना आपण एकत्र भेटणार आहोत. जिल्ह्याचं सत्य शोधायला बाहेरून कुणी हेर येणार नाही. इथल्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक पोडावर सत्यान्वेषी बायका आहेत. त्यांनी आता पायरीवर निवांत बसावं आणि डोळे उघडे ठेवावेत.

आपली,
संपादक